मावळतीकडची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी केबिन आहे. ऑफिसात साहेब बसतात ती नव्हे, विमानाची. निपाणीहून बेळगावला जाताना हायवेला लागून एक पांढरं विमानासारखं हॉटेल दिसतं, दारात फुगे बांधलेले असतात, ती मी. तुमच्यापैकी काही जण कुणाच्या तरी वाढदिवसाला माझ्या पोटात बसून नूडल्स खाऊन गेला असाल. माझ्यासमोर उभं राहून तुम्ही फोटो काढलेत, माझ्या दाराला सॉस लावलात, आणि निघून गेलात. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगते. आधीच सांगून ठेवते, माझ्या मनात राग आहे आणि तो झाकून ठेवायचं वय आता माझं राहिलेलं नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. जेट विमानं तेव्हा नवीनच निघाली होती. त्याआधीची पंख्यांची विमानं इतकी खडखडत जायची म्हणे, की उतरल्यावरही माणसाच्या कानात तास दोन तास भुणभुण राहायची. मी तशी नव्हते. माझ्या टेबलावर चहाचा पेला ठेवला तर चहावर साधा तरंगही उठत नसे. मला घडवणाऱ्या माणसांना तेव्हा एकच ध्यास होता, की इथे बसणाऱ्याला घरच्या बैठकीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी कारखान्यातल्या एका लठ्ठ कारकुनाला बोलावून माझ्या खुर्च्यांवर बसवलं होतं. तो पाय लांब करून बसला आणि बसल्या जागी घोरायला लागला. तेव्हा कुठे सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझं माप पक्कं झालं.

मी विमानाचा पुढचा भाग होते. माझ्यात दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं रुंद खुर्च्या होत्या, मधून दोन माणसं शेजारी शेजारी चालत जातील एवढी वाट होती. एका कोपऱ्यात समोरासमोर बसायची सोय, मध्ये टेबल, त्यावर पांढरं कापड. भिंतीवर कमळांचं आणि बगळ्यांचं चित्र होतं. खिडक्यांना निळे पडदे होते, आणि खिडक्या मोठ्या होत्या. सगळ्यात जास्त गर्व मला त्या खिडक्यांचा होता. गर्व हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण उगीच नम्रतेचा आव आणायला मला जमत नाही.

पुढे मी भारतात आले आणि मुंबईहून परदेशी जाऊ लागले. माझ्यात मोठमोठी माणसं बसली. कुणी गाणारे, कुणी मंत्री, कुणी गिरणीमालक. त्यांतलं मला फारसं कुणी आठवत नाही. आठवतं ते एक जोडपं, निपाणीचं.

नवऱ्याचं नाव बाबगोंडा. तंबाखूचा व्यापारी, अंगात कोट, डोक्याला गांधी टोपी, कपाळावर गंध. बायको राजमती, नुकती विशीत आलेली, मांडीवर कापडात बांधलेला डबा. डब्यात भाकरी, शेंगांची चटणी आणि रव्याचे लाडू. बाबगोंडा आत आला, त्यानं एकदा इकडून तिकडं बघितलं आणि म्हणाला, "अगं, ह्यो तर हॉल हाय की! उडणारा हॉल!" मागून येणारे दोन साहेब हसले. मला मात्र त्याचं बोलणं आवडलं. इतकी वर्षं मी लोकांचे इंग्रजी शब्द ऐकत होते, पण माझं इतकं सरळ वर्णन कुणी केलं नव्हतं.

राजमती खिडकीपाशी बसली. तिचा एक नेम होता. दिवस मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. निपाणी भागातल्या जैन घरांत हा नेम बरेच जण पाळतात, पण राजमतीचा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विमान दुपारी लंडनला निघालं आणि पश्चिमेकडं चाललं. तिनं दिवस उतरायला लागल्यावर डबा उघडला, पोटभर जेवली, आणि दिवस मावळायची वाट बघत बसली. पण आम्ही सूर्याच्या मागं मागं चाललो होतो. तो जागचा हलायलाच तयार नाही. तास गेला, दुसरा गेला, राजमती आपली खिडकीला नाक लावून बसलेली.

"आज दिवस मावळंनाच झालाय की ओ!" ती शेवटी म्हणाली.

"मग खा की आनि एक लाडू," बाबगोंडा म्हणाला. "देवानं तुला आज दिवस वाढवून दिलाय."

तिनं खिडकीतून नीट बघून घेतलं, सूर्याला हात जोडले आणि खरोखरच आणखी एक लाडू खाल्ला. एक हवाई सुंदरीलाही दिला. इतक्या वर्षांत माझ्यात कुणी इतकं मनापासून काही खाल्लेलं मला आठवत नाही.

परत येताना मात्र उलटं झालं. आता विमान पूर्वेकडं येत होतं आणि सूर्य घाईनं मागं पडत होता. त्यात हवा खराब, विमान हलत होतं, म्हणून जेवण यायला उशीर झाला. ताट समोर आलं तेव्हा खिडकीत नुसती लाल रेघ होती आणि बघता बघता तीही गेली. राजमतीनं हातातला घास परत ताटात ठेवला. बाबगोंडानं आपलं घड्याळ तिच्यापुढं धरलं. ते अजून लंडनच्या वेळेवरच चाललं होतं.

"हे बघ, दुपार हाय अजून. खा गुमान. इतक्या वर कोण बघतंय तुला?"

"वर तर देव लईच जवळ हाय की," राजमती म्हणाली. "आनि घड्याळ तुमचं हाय ओ, दिवस माझा हाय. मला खिडकीत दिसतंय ते खरं."

त्या रात्री तिनं पाणीही घेतलं नाही. हवाई सुंदरी दोनदा येऊन विचारून गेली. राजमतीनं हसून मान हलवली आणि माझ्या काचेवरून हात फिरवला, तुम्ही मांजराच्या पाठीवरून फिरवता तसा. हे सगळं तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. घड्याळाला विचारायचं नाही, खिडकीला विचारायचं. तिचा माझ्यावरचा विश्वास त्या रात्री सुरू झाला.

नंतर माझे दिवस फिरले. ज्यांनी माप घेऊन मला ऐसपैस केलं होतं, त्यांच्याच मागून आलेली माणसं पुन्हा टेप घेऊन आली. इथे आणखी एक रांग बसेल, तिथे आणखी एक बसेल, असं बोलू लागली. समोरासमोरची बैठक उखडली. टेबल गेलं, पडदे गेले. बगळ्यांच्या चित्रावर करड्या रंगाचा पत्रा मारला. खुर्च्या एकीला एक खेटून आल्या आणि माणसांचे गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतू लागले. लोक माझ्यावरच चिडायचे. "काय ही केबिन!" म्हणायचे. मी काय करणार? मी तीच होते. माझ्यात माणसं भरणारे बदलले होते. त्याच काळात बाबगोंडा एकदा परत माझ्यात बसला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्यो हॉल न्हाय, ही तर वडाप हाय." आमच्या भागात खचाखच माणसं कोंबून जीप चालते, तिला वडाप म्हणतात. मला लाज वाटली, पण त्याचं म्हणणं खरं होतं.

शेवटी नवीन विमानं आली आणि आम्हाला मोडीत काढलं. गरज सरो नि वैद्य मरो. पंख एकीकडं गेले, इंजिनं दुसरीकडं. मला कापून मुंबईच्या एका आवारात ठेवलं होतं. पावसाचं पाणी माझ्यात साचायचं आणि कुत्री निजायची. एके दिवशी कोट घातलेला एक माणूस आला, वाकून माझ्यात डोकावला आणि म्हणाला, "हीच ती." केस पांढरे झाले होते, पण आवाज मी ओळखला. बाबगोंडानं मला विकत घेतलं.

ट्रेलरवर घालून मला घाटातून आणलं. निपाणीत पोचायच्या आतच गावात बोभाटा झाला, की हायवेवर विमान पडलं. सायकली घेऊन, डोक्यावरचं ओझं टाकून माणसं धावत आली. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका तोंडाला बांधलेली फडकी तशीच ठेवून बघायला आल्या. पडलेलं विमान बघायला मिळालं नाही म्हणून काही जण जरा नाराजही झाले.

बाबगोंडाची तंबाखूची वखार होती, तिच्या बाजूला माळावर मला ठेवायचं ठरलं. तिथे राजमती पुढं झाली. ट्रेलरवाल्यांना म्हणाली, "हिच्या खिडक्या मावळतीकडं पायजेत. न्हायतर परत न्या." त्या लोकांनी दिवसभर घाम गाळून मला फिरवलं. मग बेळगावातल्या अनगोळचा यल्लाप्पा आला. तो खुर्च्यांना गाद्या आणि कापड चढवणारा कारागीर. त्यानं नंतर कोंबलेल्या सगळ्या खुर्च्या काढून फेकल्या आणि बाबगोंडानं कुठून कुठून शोधून आणलेल्या जुन्या, रुंद खुर्च्या बसवल्या.

"सावकार, जागा लई रिकामी राहिली की ओ," यल्लाप्पा म्हणाला. "आनि चार खुर्च्या सहज बसतील."

"बसतील, पर बसवायच्या न्हाईत," बाबगोंडा म्हणाला. "ही जागाच तर मी विकत घेतलीया. मी हाय तवर आनि माझ्या मागं बी, हिच्यात एक खुर्ची वाढणार न्हाय."

बगळ्यांवरचा पत्रा निघाला, खिडक्यांना पुन्हा निळे पडदे लागले. बगळे जरा खरवडले होते, पण जिवंत होते. त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. मी उडत नव्हते, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. वखारीतला खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, माझ्या पडद्यांत बसायचा, शिंका यायच्या, व्यापारी आत बसून तंबाखूचा भाव ठरवायचे. आणि रोज संध्याकाळी, ऊन तिरपं झालं की, त्या घरातली माणसं ताटं घेऊन माझ्यात जेवायला यायची. विमानात होती तीच जागा राजमतीची होती, खिडकीपाशी.

आता वृषभबद्दल सांगते. त्याचं नाव घेताना मला अजून कडू लागतं, पण सांगितल्याशिवाय भागणार नाही.

वृषभ म्हणजे बाबगोंडा आणि राजमतीचा नातू. त्याचे आईवडील नोकरीसाठी बेळगावात टिळकवाडीला राहत, हा मात्र आजीकडं वाढला. माझ्या वाटेत तो रांगला, माझ्या खुर्चीवर बसून पाढे म्हटले. राजमतीचे डोळे तोवर अधू झाले होते, मावळतीच्या उजेडाकडं बघितलं की पाणी यायचं. म्हणून एक काम वृषभकडं आलं. आजी ताटावर बसली की त्यानं खिडकीपाशी उभं राहायचं आणि सांगायचं.

"वृषभ, दिवस हाय का रं?"

"हाय आज्जी, बोटभर हाय!"

मग ती निवांत जेवायची. आणि तो "गेला!" म्हणाला की ताटात काहीही असलं तरी तिचा हात थांबायचा. एकदा पावसाळ्यात सगळं आभाळ भरून आलं होतं. वृषभनं या खिडकीतून बघितलं, त्या खिडकीतून बघितलं, बाहेर माळावर पळत जाऊन आला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "आज्जी, मला कळंनाच झालंय." राजमतीनं लगेच ताट बाजूला सारलं. त्याला जवळ घेऊन म्हणाली, "मग रडतोस कशाला रं? कळंना झालं म्हंजे गेला समजायचं. खरं सांगितलंस न्हवं, तेवढं बास."

माझ्यासमोर झालं हे. या माझ्या बगळ्यांच्या देखत.

वृषभ मोठा झाला, बेळगावात इंजिनियर झाला, जवळच्या मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला. मला कोण अभिमान वाटला होता! आपल्याच कुळातलं काम पोरगं करतंय म्हणून. निशाशी त्याचं लग्न झालं तेव्हा दोघांना आधी माझ्यात बसवून फोटो काढला. मग बाबगोंडा गेला. जायच्या आदल्या आठवड्यात त्यानं वृषभला माझ्या दारात उभं करून विचारलं होतं, "हिला हाय तशी ठेवशील न्हवं?" वृषभ म्हणाला होता, "ठेवतो आज्जा. शपथ." खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता.

बाबगोंडा गेल्यावर वखार बंद झाली. हायवे रुंद झाला आणि माझ्यासमोरून गाड्यांची रीघ लागली. वृषभनं नोकरी सोडली. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की अशी जागा आणि असं विमान, हॉटेल काढलंस तर लोक रांगा लावतील. मी हॉटेल व्हायला तयार होते, खरं सांगते. माणसं येतील, पोरं येतील, मला बरंच वाटलं असतं. राजमतीही लगेच हो म्हणाली. "लोकास्नी चार घास घालणं काय वंगाळ हाय व्हय?" म्हणाली. वृषभनं तिला सांगितलं, "आज्जी, केबिन हाय तशीच राहील. रंग तेवढा देतो."

रंग दिला. त्यानंतर टेप घेऊन माणसं आली. टेप बघितल्यावरच मी काय ते ओळखलं. यल्लाप्पानं प्रेमानं बसवलेल्या रुंद खुर्च्या काढून मागच्या शेडमध्ये टाकल्या आणि प्लास्टिकचे बाक आणून एकाला एक खेटून ठोकले. मधल्या वाटेत आता वाढणाऱ्याला आडवं होऊन जावं लागतं. बगळ्यांवर पुन्हा पत्रा मारला, त्यावर बर्गरचं चित्र. एसी लावायचा म्हणून खिडक्या बंद केल्या, आणि प्रत्येक खिडकीवर आतून एकेक स्क्रीन बसवली. त्या स्क्रीनमध्ये निळं आभाळ असतं, ढग पळतात आणि कोपऱ्यात पिवळाजर्द सूर्य असतो. तो सकाळी तिथेच, दुपारी तिथेच, रात्री अकरालाही तिथेच. गिऱ्हाइकाला विमानात बसल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणे. मी खरी विमानाची खिडकी, माझ्या तोंडाला झाकण घालून तिथे नकली खिडकी लावली. शपथ घेतलेल्या माणसानं केसानं गळा कापला माझा.

तरी मी गप्प होते. माझ्याशी असं पूर्वीही वागले होते. पण पुढं झालं ते निराळं होतं.

हॉटेलच्या उद्घाटनाला राजमतीला दुपारपासून आणून बसवलं. नवीन लुगडं नेसून, केसात अबोलीचा गजरा घालून ती आली. तिला तिच्याच जागेवर, खिडकीपाशी बसवलं होतं, पण आता तिथे पाय हलवायलाही जागा नव्हती. तिनं हातानं चाचपून बघितलं. "बाकडं नवं दिसतंय," एवढंच म्हणाली. निशानं तिच्या पाठीमागं उशी दिली आणि वृषभला हळूच सांगितलं, "अहो, आज्जींना आधी वाढू या. त्यांचं दिवस असताना होऊ दे."

"थांब गं. पुढारी साहेब येऊदेत. पहिला घास आज्जीच्या हातानं घ्यायचा हाय, व्हिडिओ काढायचाय," वृषभ म्हणाला.

पुढारी साहेब काही वेळेवर येणारे नव्हते. हार सुकले, माईकवाला दहादा हॅलो हॅलो करून दमला. निशा दोनदा आठवण करायला आली आणि दोन्ही वेळा वृषभनं तिला आत कामाला पाठवलं. शेवटी साहेब आले, रिबीन कापली, भाषण झालं, हुग्गीची ताटं आली. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तूप. राजमतीच्या आवडीची. व्हिडिओवाला तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

राजमतीनं ताटाला हात लावला नाही. तिनं आवाज दिला, "वृषभ, दिवस हाय का रं?"

इतकी वर्षं ज्याला विचारत आली, त्यालाच तिनं विचारलं.

वृषभ दाराजवळ होता. त्यानं मान वळवून बाहेर बघितलं. मी पाहिलं त्याला बघताना. बाहेर हायवेचे दिवे लागले होते, गाड्यांचे दिवे लागले होते, आभाळ काळं पडलं होतं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्यानं साहेबांकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हाय की आज्जी. खिडकीत बघ की तू."

राजमतीनं माझ्याकडं तोंड वळवलं. डोळे बारीक केले. तिथे पिवळाजर्द सूर्य होता. तिचा चेहरा खुलला, अगदी पहिल्या प्रवासात खुलला होता तसा. "अगं बया, अजून बक्कळ हाय की," ती म्हणाली. मग तिनं हात जोडले, मित्रांनो. त्या विजेच्या सूर्याला तिनं हात जोडले. नंतर हुग्गीचा घास घेतला. दुसरा घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला ओरडायचं होतं. जन्मात एवढी मी कधी कशासाठी तळमळले नव्हते. स्क्रीनच्या मागं माझी खरी काच होती. ती केव्हाच गार झाली होती. मला माहीत होतं, दिवस गेलाय. पण मला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येत होतं तो टाळ्या वाजवत होता.

तिसरा घास तोंडाशी नेला आणि वीज गेली. आमच्या भागात ती जातेच. जनरेटर लागायला थोडा वेळ लागतो. सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या झाल्या. एसी थांबला. दार उघडं होतं आणि दारातून बाहेरचा अंधार दिसत होता. आजूबाजूला कुणी मोबाईलचे दिवे लावले. राजमतीचा हात तसाच वर राहिला. तिनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा दाराकडं. घास तिनं ताटात ठेवला. तोंडात होतं ते ओंजळीत काढलं आणि पदरानं तोंड पुसलं.

वृषभ वाकून तिच्याजवळ आला. मी वाट बघत होते. अजूनही वेळ गेली नव्हती. पावसाळ्यातल्या त्या संध्याकाळी तो रडकुंडीला आला होता तसा आला असता, चुकलं म्हणाला असता, तर तिनं त्याला पोटाशी धरलं असतं. तेवढी मी तिला ओळखते.

तो म्हणाला, "खिडकीचंच काय तरी बिघडलंय आज्जी. मला बी तिच्यातलंच खरं वाटलं."

राजमतीनं हात लांब केला आणि माझ्या खिडकीवरून, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनवरून फिरवला. तिच्या बोटांना ती माझी काच वाटली असेल की नुसतं झाकण, मला ठाऊक नाही.

"ह्या खिडकीनं मला आभाळात बी कधी फसवलं न्हवतं रं," ती म्हणाली.

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. निशानं तिचा हात धरला आणि दोघी चालत घरी गेल्या. वृषभ तिथेच उभा राहिला. खोटं तो बोलला होता, आणि ते माझ्या नावावर लागलं, आणि त्यानं लागू दिलं. जनरेटर सुरू झाला, सूर्य परत उगवला आणि साहेबांनी दुसऱ्यांदा हुग्गी मागितली.

दुसऱ्या दिवशी राजमतीनं उपवास धरला. त्यानंतर ती माझ्यात आली नाही. निशा कधीकधी स्वयंपाकघरातल्या बाईशी बोलते, त्यातून मला कळतं. आज्जी आता ऊन चांगलं रणरणत असतानाच जेवून घेते. संध्याकाळी निशा म्हणते, "आज्जी, अजून दिवस हाय, दूध तरी घ्या," तर नको म्हणते. दिवस हाय का, असं ती आता कुणालाच विचारत नाही. वृषभ तिच्यासाठी फळं घेऊन जातो, नवी शाल घेऊन जातो, पाया पडतो. तिनं त्याला कधी एका शब्दानं दोष दिलेला नाही. तिला अजून वाटतं, खिडकीच खोटी निघाली.

मित्रांनो, माझ्या खुर्च्या काढल्या ते मी सोसलं. बगळे झाकले तेही सोसलं. जुन्या वस्तूंचं कधी ना कधी असं होतंच, आणि तुम्ही मला पुसा, जपा, मला परत रुंद करा, असं मागणं मी तुमच्याकडं मागणार नाही. एखाद्या दिवशी निशानं शेडमधल्या त्या खुर्च्यांवरची धूळ झटकली तरी मला पुरे.

पण रोज संध्याकाळी त्या स्क्रीनच्या मागं माझ्या काचेवर ऊन येतं. काच ऊबदार होते. मग ऊन बोटभर राहतं, मग जातं आणि काच गार पडते. एक दिवससुद्धा मी चुकत नाही. आता मला विचारायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणी आजी, कुणी आज्जा असेल. डोळ्यांनी अधू झालेलं असेल. ते तुम्हाला विचारतील, दिवस हाय का रं, पाऊस उघडला का गं, कोण आलंय दारात. तेव्हा हातातला मोबाईल खाली ठेवा, उठा आणि दारापर्यंत जा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दिवस असेल तर हाय म्हणा. गेला असेल तर गेला म्हणा, ताट कितीही भरलेलं असू दे. आणि नाहीच कळलं, तर कळंना झालंय म्हणा. राजमती तेवढ्यावर आयुष्यभर जेवत आली होती.